खर्च वजा जाता

अंबडच्या कंपनीनं गेट लावलं त्याला पाच महिने झाले.
साहाय्याच्या अर्जात चौथ्या पानावर एक रकाना आहे:
पती/पत्नीचे उत्पन्न, स्वयंरोजगार असल्यास.

मी लिहिलं, निरंक.
खोटं लिहायचं म्हणून नाही.
तेवीस वर्षं कुणी विचारलं की हेच सांगत आलो,
ती घरीच असते.
शिवते थोडंफार, फॉल-पिको वगैरे,
वेळ जातो तिचा.

सेतूतला पोरगा मान वर न करता म्हणाला,
काका, दोघांच्याही खात्याचा उतारा लागतो.

उताऱ्यात सगळं होतं.
चाळीस. चाळीस. दोनशे साठ. चाळीस.
पवननगरच्या बायका ओळीनं,
प्रत्येकीचं नाव, प्रत्येकीची वेळ.
तो क्यूआर कोडचा कागद मीच चिकटवला होता
मशीनच्या वरती, भिंतीला,
दिवाळीच्या गर्दीत, हौसेनं.

साहेबांनी वर्षाची बेरीज केली, बारानं भागली.
सरासरी, म्हणाले.

म्हणजे वैशाखातली रत्नप्रभा,
रात्री दोनला लग्नघरची एकवीस ब्लाउजं हातावेगळी करणारी,
आणि पितरपाटातली रत्नप्रभा,
कुणी नवं कापड बाहेर काढत नाही तेव्हा
मशीनला तेल घालून नुसती बसणारी,
या दोघींच्या मधोमध
साहेबांनी एक तिसरी बाई उभी केली,
महिन्याच्या महिन्याला सारखंच कमावणारी.
हिला मी कधी पाहिलेलं नाही.
पण हिच्यामुळे मी मर्यादेच्या वर गेलो,
अकराशे रुपयांनी.

खर्च वजा होतो, साहेब म्हणाले.
पावत्या आणा.

पावत्या कुठल्या?
मेनरोडचा दोरेवाला पक्की पावती मागितली की भाव वाढवतो.
वही आहे, ती म्हणाली,
आणि बाजरीच्या डब्यामागून
विमा एजंटानं दिलेली जुनी डायरी काढली.

दोरा, काळा, दोन रिळं.
बॉबिन. सुया, सोळा नंबर.
मोटर भरून घेतली, रविवार कारंजा.
चष्मा, साडेसहाशे.
(हा धंद्याचा खर्च धरतात का? तिनं विचारलं.
मला माहीत नव्हतं.)
लाइटबिल, अर्धं.
यांना, सिटीलिंक, चाळीस.
यांना, सातपूरला मुलाखत, शंभर.
यांना, चहापाणी.
यांना.
मी पानं मागं उलटत गेलो.
कंपनी चालू होती, माझा पगार होता,
त्या वर्षांतही महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर
यांना. यांना. पेट्रोल, यांना.

तेवीस वर्षं तिच्या वहीत
मी खर्चाच्या बाजूला होतो
आणि मला कुणी वजा केलं नव्हतं.

मी म्हटलं, निम्मं रोखीत येतं असं आधीच ठरवलं असतं तर,
कागद तरी कशाला लावला भिंतीला.
ती काही बोलली नाही.
साहेबांनी पेन्सिलीनं केलेली बेरीज
तिनं खिडकीपाशी नेली,
चष्मा वर-खाली करून पाहिली.
एवढे? म्हणाली.
मग परत, स्वतःशीच,
एवढे झाले वर्षाचे?

कॉलनीतल्या दळवीकाकू म्हणतात,
बायकोचं नाव व्यवसायाच्या रकान्यात घालू नये,
अडकतं सगळं.
खरं असेल.
अडकलंच.

तिनं निरंकवर काट मारली,
खाली लिहिलं, शिवणकाम, आणि आकडा,
पूर्ण, चष्मासुद्धा न कापता.
नामंजूर होईल, मी म्हटलं.
होऊ द्या, म्हणाली,
पण द्यायच्या आधी या पानाची एक झेरॉक्स काढा.
कशाला?
काढा तुम्ही.

त्रिमूर्ती चौकात दुकान आहे.
दोन रुपये झाले.
घरी आल्यावर तिनं डायरी उघडली, लिहिलं,
झेरॉक्स, दोन.
थोडा वेळ पेन तसंच धरून बसली.
पुढे यांना लिहिलं नाही.